सोनेगाव तलाव: गाळासोबत पाण्याच्या वाटाही बघा

एका दादांनी लिहिलंय की गाळ काढला म्हणजे नागपूरचा सोनेगाव तलाव उन्हाळ्यात आटणार नाही. गाळ काढायलाच हवा, पण तेवढ्यानं भागत नाही. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तलावाच्या वरच्या भागात, जिथून पाणी येतं तिथे फिरा. लेआउट, रस्ते, कंपाउंडच्या भिंती यांनी पाणी कुठे वळतं ते डोळ्यांनी दिसेल, त्याचा नकाशा करा. खोदताना तळाची चिकणमाती मात्र फोडू देऊ नका, नाहीतर आलेलं पाणी खाली झिरपून जाईल.

तलावाच्या नोंदींबद्दल: पाण्यात विरघळलेला प्राणवायू फक्त दुपारी मोजला तर आकडा फसवतो. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच वापरतं, म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. माप सूर्योदयाआधी घ्या, दर वेळी त्याच जागी. पातळीसाठी पाण्यात रोवलेली, सेंटीमीटरच्या खुणांची पट्टी पुरे.

नागपूरच्याच अंबाझरी तलावात जलपर्णी काढणाऱ्यांना कळकळीची विनंती: ढीग काठावर ठेवू नका. पावसात तो परत पाण्यात जातो, आणि ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. ढीग उचलून न्यायला गाडी मिळणार नसेल, तर त्या दिवशी कमी काढा.