निखाऱ्याच्या भांड्यातला युवराज
मूल औरस की अनौरस हे आईबापांच्या लग्नावरच ठरतं, असं आपण धरून चालतो. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या मुलाचं वेगळंच झालं. लग्न रीतसर, पण १० जून १६८८ ला जन्मलेलं पोर राणीचं नाहीच, अंथरूण ऊबदार करायच्या निखाऱ्याच्या भांड्यातून आत आणलं, अशी आवई उठली. (लांब दांड्याचं, झाकणाचं भांडं ते, तान्हं मूल त्यात मावणार कसं?) बाळंतिणीच्या खोलीत तर माणसांची ही गर्दी! ऑक्टोबरात राजाने चाळीसहून जास्त साक्षी नोंदवून घेतल्या. उपयोग शून्य, कारण प्रोटेस्टंट लोकांना खुपत होता तो कॅथलिक वारस. बाळाची सावत्र बहीण अ‍ॅन जन्माच्या वेळी बाथ शहरात होती, तरी संशय घ्यायला सगळ्यांत पुढे. १७०२ मध्ये राणी झाली तीच.