नऊ तुकड्यांचा ब्लॉक: शिवण कुठल्या बाजूला पाडायची?

चिंध्यांची_पेटी:

भाचीच्या बाळासाठी छोटी गोधडी शिवतेय, मशीनवर. अडीच इंची चौकोन, तीन ओळींत तीन-तीन असा नऊ चौकोनांचा ब्लॉक. चार कोपरे आणि मधला चौकोन गडद (निळं नि लाल अजरख), उरलेले चार पांढऱ्या मलमलीचे. ब्लॉक एकमेकांना लागूनच जोडायचेत, मध्ये पट्टी नाही. ‘माया गडद बाजूला पाडा’, म्हणजे शिवणीबाहेर उरलेली कड गडद कापडाकडे वळवून इस्त्री करा, असं सगळीकडे वाचलं, तसंच केलं. सुटा ब्लॉक छान दिसतो. पण दोन ब्लॉक जोडायला घेतले की शिवणीवर नेमकी शिवण येते, मशीनचा पाय तिथे अडखळतो आणि कोपरे सरकतात. शिवाय काही ब्लॉक साडेसहाऐवजी सव्वासहाच भरताहेत.

गोधडीच्या चार टोकांना भिरभिऱ्याचे ब्लॉक (दोन-दोन त्रिकोणांचे चार चौकोन) घालायचेत. त्याचा एक नमुना करून पाहिला, तर मध्यावर बोटाला टेंगूळ लागतंय. सगळ्याच शिवणी फाकवून (माया दोन्हीकडे उघडून) टाकू का?

उरेब_तिरका:

अगं, सगळ्या फाकवू नकोस, थांब जरा. गडद बाजूचा नियम आहे तो फक्त गडद माया फिक्या कापडाखालून दिसू नये म्हणून. कोपरे जुळवणं हे त्याचं कामच नाही. कोपरा जुळतो तो समोरासमोरच्या दोन शिवणी उलट दिशांना पडल्या की. मग त्या एकमेकींना अडतात, बोटाने चाचपलं तरी कळतं, टाचणीसुद्धा लागत नाही.

तुझ्या ब्लॉकच्या आत हे आपोआप होतंय. वरच्या नि खालच्या ओळीत गडद कडेला, म्हणून माया बाहेर जाते. मधल्या ओळीत गडद मध्ये, म्हणून माया आत येते. आलं ना उलट? म्हणून सुटा ब्लॉक छान. गडबड पुढे आहे. तीन ओळी एकमेकींना जोडतेस त्या दोन लांब शिवणींना गडद बाजू असतेच कुठे? प्रत्येक ओळीत दोन्ही रंग. तिथे नियम गप्प बसतो आणि आपण हाताला येईल तसं पाडतो.

मी अशा वेळी त्या दोन्ही लांब शिवणी मधल्या ओळीकडे पाडते. सगळ्या ब्लॉकना तेच, अपवाद नाही. मग ब्लॉकच्या डाव्या-उजव्या कडेला शिवणी आत वळलेल्या आणि वर-खाली बाहेर वळलेल्या मिळतात. आता जमिनीवर मांडताना बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक ब्लॉक पाव फेरा फिरवायचा. आतल्या वळणाच्या शेजारी बाहेरचं वळण येतं, आडवंही आणि उभंही. ब्लॉक चारी बाजूंनी सारखाच असल्याने फिरवलेला कुणाला कळत नाही. कागदावर चार ब्लॉक काढून बाण मार, पटेल.

सव्वासहाचं असं आहे. आडव्यात दोन शिवणी, पाव इंच कमी, म्हणजे एका शिवणीमागे एक सूत (इंचाचा आठवा भाग) गेलं. सुलट बाजूने शिवणीशेजारी नखाने ओढून बघ. कापड उलगडलं तर तिथे घडी अडकून तशीच इस्त्री झालीय. नाही उलगडलं तर माया पाव इंचापेक्षा जास्त जातेय, मशीनच्या पट्टीवर टेप चिकटवून खूण कर. इस्त्री करताना आधी शिवण मिटलेलीच दाबायची, टाके बसतात. मग वरचं कापड उलगडून सुलट बाजूने दाबायचं. ठेव, उचल, पुढे ठेव. शर्टावर फिरवतो तशी फिरवायची नाही.

भिरभिऱ्याचं टेंगूळ येणारच, आठ टोकं एका बिंदूत येतात. शेवटची लांब शिवण घातलीस की उलट बाजूने, त्या शिवणीला आडव्या येणाऱ्या शिवणीचे मायेतले दोन-तीन टाके उसवायचे. फक्त मायेतले, शिवणीच्या पलीकडे जायचं नाही. मग मध्य बोटाने दाबला की चारी माया एकामागोमाग एकाच दिशेने गोल पडतात आणि मागे एक चिमुकलं भिरभिरं उमटतं. मला तर पुढच्यापेक्षा तेच आवडतं. त्रिकोणांसाठी चौकोन चार इंचाला एक सूत कमी असा सांगतात; मी सरळ चार इंची कापते, जोडल्यावर साडेतीनला छाटते. त्रिकोणाची उरेब (तिरकी कापलेली) कड असते, वाफ मारलीस तर ताणली जाईल. आधी थोडी खळ घाल.

चिंध्यांची_पेटी:

बाण मारून बघितले, खरंच जुळतंय ताई! पण लांब शिवण मधल्या ओळीकडे पाडली तर कोपऱ्यातल्या लाल अजरखाची माया मलमलीखाली येईल ना? दिसेल की.

उरेब_तिरका:

येईल, आणि दिसेलही. दोन उपाय. शिवण पाडल्यावर गडद माया सर्वात खाली असते, तिच्यावर मलमलीची स्वतःची माया. गडद माया जरा छाटून अरुंद कर, म्हणजे ती मलमलीच्या मायेमागे लपेल. नाहीतर मलमल दुहेरी घे, दोन थर एकच कापड समजून शिव. बाळाच्या गोधडीला मी दुहेरीच घेईन, एकेरी मलमल विरते लवकर. आणि लाल अजरख आधी धुतलंयस ना? ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री दाबून बघ. रंग लागला तर पुन्हा धू.

सुई_नंबर_नऊ:

वरच्या सगळ्याला +१. पण एक कुणी विचारलंच नाही: सगळे थर धरणारी वरून टीप कशी घालणार? शिवणीच्या खाचेतून मशीन मारायची असेल तर माया एका बाजूलाच हवी. फाकवलेल्या शिवणीत सुई कापडात न शिरता नुसत्या दोऱ्यांतून जाते. हाताने आपला नेहमीचा धावदोरा, ओळीला ओळ लागून, घालणार असलीस तर मात्र मायेच्या जाडीतून सुई ओढताना बोटं दुखतात. त्या वेळी मी फाकवते आणि तुकडे जोडताना मशीनच्या टाक्याची लांबी दोनवर ठेवते, अडीचवर नाही.

जुन्या वाकळीत ही भानगडच नव्हती. लुगड्यांच्या थरांवर ठिगळ ठेवायचं, कडा दुमडायच्या, धावदोरा सगळं धरून ठेवतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी (त्यांची गोधडी) करतात तीही तशीच, कडेपासून आत. शिवण पाडायची कुठे हा प्रश्न आला तो तुकडा तुकड्याला जोडून मग थर लावायला लागलो तेव्हा.

चिंध्यांची_पेटी:

हाताने घालायचा धीर नाही, मशीनच. तिरप्या रेषा मारीन. भिरभिऱ्याच्या आणि नऊच्या ब्लॉकच्या शिवणी जुळवायच्या का?

उरेब_तिरका:

त्या भेटतच नाहीत. भिरभिऱ्याच्या कडेला शिवण मधोमध, नऊच्या कडेला तिसऱ्या हिश्श्यावर. तिथे फक्त ब्लॉकचे कोपरे सांभाळ.

एक राहिलं. अजरखाच्या एखाद्या तुकड्यात सरळ पट्टीचा छाप असेल तर फिरवलेल्या ब्लॉकमध्ये तो आडवा पडेल. म्हणून ब्लॉक शिवायच्या आधीच दोन गठ्ठे कर. जो गठ्ठा फिरवायचाय त्यातला पट्टीचा चौकोन शिवतानाच आडवा ठेव, फिरवल्यावर उभा होईल.