गिरणगावातील खाणावळी आणि पुराभिलेखागारातील फायली: अभ्यास कसा करावा?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, परळ):
गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या स्त्रियांवर मी मानववंशशास्त्राचा प्रबंध लिहीत आहे. १९२० नंतरच्या दोन दशकांविषयी स्वानुभवाने सांगणारे आता कोणी उरलेले नाही, म्हणून काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात बसून जुन्या फायली वाचते. त्यांत चाळी, भाडी, संप सापडतात. खाणावळवालीचे घर सापडत नाही. प्रत्यक्ष सहवासावर उभी असलेली आपली पद्धत अशा कागदांना कशी लावावी?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, दादर):
ज्या कचेरीत फाईल तयार झाली, त्या कचेरीलाच आपले अभ्यासक्षेत्र समजा. पत्र कोणी धाडले, समासात शेरा कोणी मारला, कोणती बाब पुढे सरकली आणि कोणती दप्तरी दाखल झाली, हे माणसांचे वागणेच आहे आणि त्याचे निरीक्षण करता येते. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली. त्यात जेवणाचा खर्च कामगाराच्या नावावर दिसला, तर तोच पैसा एखाद्या बाईची मिळकत म्हणून कुठे नोंदला आहे का, हे तपासा. नसेल, तर त्या बाईचे श्रम पाहणाऱ्यांनी काम म्हणून धरले होते का, हा आपला पुढचा प्रश्न ठरेल. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगापुढील साक्षी वाचताना उत्तराबरोबर प्रश्नही उतरवून घ्या, कारण साक्षीदार विचारले तेवढेच सांगतो.

उत्तर (मौखिक इतिहासाचा अभ्यासक, लालबाग):
सरांच्या म्हणण्याला एक जोड देतो. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र आणूनच. त्या पिढीतील स्त्रियांना आणि त्यांच्या लेकी-सुनांना भेटा, जुन्या नोंदी वाचून दाखवा आणि त्या कुठे अडतात, काय दुरुस्त करतात, ते टिपून ठेवा. मात्र त्यांच्या आठवणींवर १९८२ च्या गिरणी संपाची गडद छाया असते, त्यामुळे सत्तरच्या दशकातील उधारीची रीत पन्नास वर्षे मागे नेऊन लावू नका.

उत्तर (ग्रंथपाल, गिरगाव):
पोलीस किंवा न्यायालयाच्या कागदांत बायकांची नावे आली, तर ती प्रबंधात बदलावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची नातवंडे कदाचित त्याच चाळीत राहत असतील आणि आपल्याविषयी लिहायला त्या बायकांनी कधी संमती दिलेली नव्हती.