मधेच येणारं प्रॉडचं काम आणि कोलमडणारा स्प्रिंट: स्प्रिंट मोडीत काढावा का?

घाटमाथा (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. ज्या टीमकडे नवीन फीचर्स आणि प्रॉडक्शन सपोर्ट (प्रॉड, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम, सांभाळणं) अशी दोन्ही कामं आहेत, तिने दोन आठवड्यांचा स्प्रिंट (ठरावीक मुदतीसाठी आधीच काम ठरवून घेणं) बंद करून सरळ कानबान (मुदत न आखता, हातातली कामं मर्यादित ठेवून सलग काम) करावं. अशा टीमचं स्प्रिंट प्लॅनिंग पहिल्याच दिवशी खोटं असतं.

हिशेब बघा. पाच डेव्हलपर, दोन क्यूए (टेस्टर), दहा दिवस, म्हणजे ७० मनुष्यदिवस. त्यातून माणशी प्लॅनिंगचे ४ तास, रिफाइनमेंटचे (पुढची कामं समजून घेण्याचे) ३, रिव्ह्यूचे (झालेलं काम दाखवण्याचे) २, रेट्रोचा (काय चुकलं ते बघण्याचा) दीड आणि रोजच्या १५ मिनिटांच्या स्टँडअपचे मिळून अडीच वजा करा. झाले १३ तास. सात जणांचे साधारण साडेअकरा दिवस इथेच गेले, उरले ५८. एखादी सुट्टी, कोणाची रजा, की ५५. प्लॅनिंग मात्र ७० वर होतं आणि प्रॉडची तिकिटं (नोंदवलेली कामं) तर अजून आलेलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी पी-वन (सर्वांत तातडीची अडचण) येतो, दोघं त्यात अडकतात, दहाव्या दिवशी चार स्टोऱ्या (फीचरचे तुकडे) 'ऑलमोस्ट डन'. पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकला, पुन्हा तेच.

कानबानमध्ये हे नाटकच नको. बोर्डवरच्या प्रत्येक कॉलममधल्या कामांना मर्यादा घालायची, तातडीच्या कामाला वेगळी लेन, त्या लेनमध्ये एका वेळी एकच तिकीट. तारीख कशी द्यायची? शेवटची ३० पूर्ण झालेली तिकिटं घ्या, काम सुरू केल्यापासून प्रॉडला जाईपर्यंत लागलेल्या दिवसांप्रमाणे चढत्या क्रमाने लावा. २६ व्या तिकिटाला ९ दिवस लागले असतील तर सांगा, 'शंभरातली पंचाऐंशी कामं ९ दिवसांत होतात.' पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) नको, ते ठरवायचं पोकर नको.

ताकभात

सपशेल असहमत. तुमचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. ७० धरून प्लॅन करणं हा प्लॅनिंगचा दोष, त्याची शिक्षा स्प्रिंटला कशाला?

मागच्या सहा स्प्रिंटमध्ये सुरुवातीनंतर घुसलेली तिकिटं काढा आणि त्यांनी खाल्लेले दिवस लिहा. समजा ११, ८, १४, १०, ९, १३ आले. सरासरी पावणेअकराच्या आसपास. बहुतेक टीम हीच सरासरी राखीव ठेवतात आणि मग निम्म्या स्प्रिंटमध्ये तोंडघशी पडतात. १३ ठेवा. म्हणजे ५५ मधले ४२ दिवसच स्टोऱ्यांना द्यायचे. आकडा बघून पीओ (प्रॉडक्ट ओनर, कामांचा क्रम ठरवणारा) कुरकुर करेल, करू द्या. दिवस उरलेच तर बॅकलॉगमधली (बाकी कामांच्या यादीतली) वरची स्टोरी ओढता येते.

दुसरं, सपोर्टची पाळी लावा. आठवड्याला एक डेव्हलपर, मधेच येणारं सगळं आधी त्याच्याकडे. त्या आठवड्यात त्याच्या नावावर स्प्रिंटची एकही स्टोरी नाही, फक्त तारीख नसलेले छोटे बग. ही पाळी कुठे फसते तेही सांगतो. कागदावर पाळी ज्युनियरची असते आणि फोन जातो सीनियरला, कारण 'त्याला माहितीये'. म्हणून नियम असा की सीनियर बाजूला बसेल पण कीबोर्ड पाळीवाल्याचा, आणि तिकीट बंद होण्याआधी रनबुकमध्ये (अडचण कशी सोडवायची त्या वहीत) पाच ओळी लिहिल्या गेल्याच पाहिजेत.

तिसरं, पी-वन म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवा. लॉगिन किंवा पेमेंट बंद आणि दुसरा मार्ग नाही, तो पी-वन. दुसरा मार्ग आहे, पण त्रासदायक, तो पी-टू, २४ तासांत बघायचा. बाकी सगळं पुढच्या प्लॅनिंगला. ठरवणार फक्त पीओ.

आणि स्प्रिंट म्हणजे चौदा तिकिटांची शपथ, असं कुठेच लिहिलेलं नाही. स्क्रम गाइडने, म्हणजे स्प्रिंटने काम करण्याच्या स्क्रम पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेने, २०११ मध्येच स्प्रिंटच्या कामासाठी 'कमिटमेंट' (बांधिलकी) काढून 'फोरकास्ट' (अंदाज) शब्द घेतला. २०२० च्या आवृत्तीत बांधिलकी आहे ती स्प्रिंट गोलशी. गोल एक असतो, तिकिटं बदलू शकतात.

घाटमाथा

पाळी सात जणांच्या टीमला ठीक. डेव्हलपर तीनच असतील तर दर तिसऱ्या आठवड्याला तोच माणूस, आणि टीमची एक तृतीयांश ताकद कायम बाजूला काढलेली. शिवाय पी-वनची व्याख्या कितीही घोटून लिहा, क्लायंटचा व्हीपी बोलला की पी-थ्रीचा पी-वन होतो.

सॉफ्टवेअरमधल्या कानबानची सुरुवात म्हणून सांगितलं जाणारं उदाहरण आपल्याकडचंच आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत अ‍ॅप्लिकेशन्सची देखभाल करणारी हैदराबादची टीम, २००४-०५. दर नवीन विनंतीवर डेव्हलपर आणि टेस्टरने हातातलं काम टाकून अंदाज द्यायचा, आणि अंदाज दिलेल्यांपैकी कितीतरी कामं पुढे होतच नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये कानबान आणणाऱ्या डेव्हिड अँडरसनच्या सल्ल्याने अंदाज बंद केले, हातातल्या कामाला मर्यादा घातली. महिनोन्‌महिने लागणारं काम काही आठवड्यांवर आलं, तेही सुरुवातीला माणसं न वाढवता.

ताकभात

त्या टीमकडे काय होतं ते बघा ना. चालू अ‍ॅप्लिकेशनमधले लहान, एकमेकांसारखे बदल. तिथे अंदाज न देता चालतं, कारण सगळी कामं जवळपास एका मापाची. तुमच्या धाग्यातली टीम निम्मं काम नवीन फीचर्सचं करते. दोन दिवसांचा बग आणि तीन आठवड्यांचं पेमेंट इंटिग्रेशन एकाच यादीत लावून २६ वं तिकीट मोजलंत, तर येणारे ९ दिवस दोघांनाही लागू नाहीत. निदान प्रकारानुसार दोन याद्या तरी करा.

टेस्टरकाकू

दोघंही दारातून आत काय येतं यावर भांडताय. घरात किती पसारा काढून ठेवलाय तेही बघा.

सहाव्या दिवशी बोर्ड उघडा. 'इन प्रोग्रेस' ९, 'टेस्टिंग' १, 'डन' शून्य. डेव्हलपर पाच आणि चालू कामं नऊ! ही नऊच्या नऊ आठव्या दिवशी संध्याकाळी दोन क्यूएंच्या अंगावर येतात. मग रिपोर्टमध्ये कारण लिहिलं जातं, 'प्रॉड इश्यूमुळे स्पिलओव्हर' (काम पुढच्या स्प्रिंटवर जाणं). त्या स्प्रिंटमध्ये प्रॉडचं एकही तिकीट आलं नसतं तरी स्पिलओव्हर झालाच असता.

लिटलचा नियम १९६१ पासून आहे: हातात सरासरी १२ कामं आणि दिवसाला दीड काम संपत असेल, तर एका कामाला सरासरी ८ दिवस लागणार. संपण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं ६ केली तर ४ दिवस. यात जादू नाही, भागाकार आहे.

टेस्टिंगच्या कॉलमला ३ ची मर्यादा घाला. कॉलम भरला की डेव्हलपरने नवीन स्टोरी उघडायची नाही. मग करायचं काय? टेस्ट डेटा तयार करून द्या, अडकलेल्या पीआर (तपासणीला टाकलेले कोडमधले बदल) बघा, दुसऱ्याची स्टोरी टेस्ट करा. इथे हमखास एक गडबड होते: मर्यादा लागली की लोक तिकीट 'इन प्रोग्रेस'मध्येच ठेवतात आणि क्यूएला चॅटवर कळवतात. म्हणून 'रिव्ह्यूची वाट' आणि 'टेस्टिंगची वाट' असे दोन कॉलम वेगळे दिसू द्या. पीआर दीड दिवस नुसती पडून होती हे तेव्हाच कळतं. सकाळचा पहिला अर्धा तास फक्त रिव्ह्यूचा, आणि पीआर चारशे ओळींच्या आत. हजार ओळींच्या पीआरला 'एलजीटीएम' ('ठीक दिसतंय') एवढंच मिळतं.

स्टोरी तोडतानाही बघा. 'डेटाबेस', 'एपीआय', 'स्क्रीन' असे तीन तुकडे केलेत तर तिसरा संपेपर्यंत मला टेस्ट करायला काहीच नाही. फाइल अपलोडची स्टोरी असेल तर पहिल्या तुकड्यात फक्त बरोबर फॉरमॅटची छोटी सीएसव्ही, पण स्क्रीनपासून टेबलपर्यंत पूर्ण. दुसऱ्यात चुकीच्या ओळी आणि त्यांचे एरर, तिसऱ्यात पन्नास हजार ओळींची फाइल. पहिला तुकडा तिसऱ्या दिवशी हातात येतो.

आणि हे स्प्रिंटमध्येही चालतं, कानबानमध्येही.

उंटावरचा शहाणा

म्हणजे स्क्रमबान, स्क्रम आणि कानबानची खिचडी. चला, आता त्याचंही सर्टिफिकेशन काढा.

फेजतीन

नाव काहीही ठेवा. सर्व्हिस कंपनीत स्प्रिंट ठेवायचा की नाही हे टीम ठरवतच नाही. करारात दोन आठवड्यांचा स्प्रिंट लिहिलेला असतो, महिन्याच्या रिपोर्टला व्हेलॉसिटीचा (एका स्प्रिंटमध्ये संपलेल्या पॉइंटचा) रकाना असतो. घाटमाथांचा सल्ला प्रॉडक्ट कंपनीत चालेल, इथे नाही. तेव्हा बाहेरून दोन आठवड्यांचा ताल तसाच ठेवा आणि आत काकू म्हणतात त्या मर्यादा लावा. रिपोर्टमध्ये मात्र एकाऐवजी दोन आकडे द्या: ठरवलेल्या कामाला गेलेले दिवस आणि मधेच आलेल्या कामाला गेलेले दिवस. तीन महिने हे दोन आकडे शेजारी दिसले की प्रश्न क्लायंटच्या बाजूनेच येतो.

सर्वांत मोठं भोक वेगळंच आहे: ऑनसाइट कोऑर्डिनेटर (क्लायंटच्या ऑफिसात बसणारा) व्हॉट्सअ‍ॅपवर थेट डेव्हलपरला काम सांगतो. त्याचं तिकीट नाही, नोंद नाही, आणि डेव्हलपर स्टँडअपला सांगतो 'कालचंच चालू आहे'. इथे 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला निरुपयोगी. दोन वर्षांचा अनुभव असलेला मुलगा क्लायंटच्या माणसाला नाही म्हणणार नाही, त्याने म्हणूही नये. त्याने स्वतः दोन मिनिटांत तिकीट करावं, त्यात फक्त कोणी सांगितलं, किती वाजता आणि काय हवंय. मग पीओला टॅग करून एवढंच लिहावं: 'हे घेतोय, माझ्याकडच्या या दोन स्टोऱ्यांपैकी कोणती मागे टाकू?' नकार नाही, पण किंमत समोर येते. उत्तर येत नसेल तर लीडने उचलायचं, त्या मुलाने नाही.

आणखी एक, जे कपॅसिटीच्या शीटमध्ये कधीच नसतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा सकाळी ९ चा स्टँडअप आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला होतो, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसातला. रात्री नऊला आलेला पी-वन दोनपर्यंत चालतो आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस अकराला लॉगिन करून जेमतेम अर्धा दिवस काम करतो. रात्री काम झालं की दुसऱ्या दिवशीची त्याची कपॅसिटी शून्य धरा. कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) कागदावर देऊन त्याच दिवशी 'पाच मिनिटं कॉलवर ये' म्हणायचं असेल तर देऊच नका.

घाटमाथा

करारातच स्प्रिंट असेल तर माझं म्हणणं मागे. पण मग पॉइंट्सचं काय? व्हेलॉसिटी रिपोर्टला गेली आणि तिथून अप्रेझलला, की काल ३ ची असलेली स्टोरी आज ५ ची होते. स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दही नाही. अर्धवट स्टोरीचे अर्धे पॉइंट या स्प्रिंटला, अर्धे पुढच्या, हा व्यवहार तर रोज चालतो.

ताकभात

अर्धे पॉइंट द्यायचेच नाहीत. या स्प्रिंटला शून्य, संपेल त्या स्प्रिंटला पूर्ण. तीन स्प्रिंटची सरासरी घेतली की आपोआप जुळतं. अप्रेझलला व्हेलॉसिटी लावणाऱ्या मॅनेजरवर माझ्याकडे औषध नाही. पण तो उद्या तुमच्या ९ दिवसांवरही टार्गेट लावेल, आणि लोक तिकीट 'सुरू' करायलाच उशीर करतील.

तुमचा मूळ प्रश्न मात्र अर्धाच सुटलाय. राखीव दिवस ठेवले, पाळी लावली, तरी १३ दिवस प्रॉड का खातंय? मधेच आलेल्या प्रत्येक तिकिटावर चारपैकी एक लेबल लावा: डेटा दुरुस्ती, कॉन्फिग, खरा बग, नुसता प्रश्न. दोन स्प्रिंटनंतर मोजा. खरे बग बहुधा वाटतात त्याहून कमी निघतात.

नेहमीचं तिकीट घ्या: 'रात्रीचा बॅच जॉब अडकला, रीस्टार्ट करा.' रीस्टार्ट १० मिनिटांचा. पण व्हीपीएन, चेंज तिकीट, ऑनसाइटची मंजुरी, नंतर डेटा आला का ते बघणं, असा दीड तास जातो. स्प्रिंटमध्ये तीनदा म्हणजे साडेचार तास. रीस्टार्टने काम भागतं म्हणून कारण कोणी शोधत नाही. जॉब दीडला सुरू होतो, दोनला त्याच डेटाबेसवर मेंटेनन्स सुरू होऊन टेबल लॉक होतं, आणि डेटा जास्त असलेल्या रात्रीच जॉब दोनच्या पुढे जातो. म्हणून तो रोज अडकत नाही आणि 'कधीकधी होतं' म्हणून सुटतो. जॉब साडेबाराला आणणं हे एका ओळीचं काम. दर स्प्रिंटला असं एकच कारण निवडा आणि बॅकलॉगच्या वरच्या टोकाला ठेवा. रेट्रोच्या बोर्डवर चिकटवलंत तर ते तिथेच राहील.

माझा ठोकताळा: मधेच येणारं काम पाव भागाच्या आत असेल तर स्प्रिंट आणि राखीव दिवस. निम्म्याच्या पुढे गेलं तर घाटमाथा म्हणतात ते, प्रवाहाने काम. मधल्या पट्ट्यात आधी ही लेबलं.

घाटमाथा

मधल्या पट्ट्यात मी तरीही कानबानच निवडेन, कारण लेबलांचे दोन स्प्रिंट होईपर्यंत टीम रोज रात्री जागतेच आहे. पण लेबलं उद्यापासून लावायला हरकत नाही.

टेस्टरकाकू

लावताना एक बघा. जिरा या तिकिटं नोंदवायच्या टूलच्या स्प्रिंट रिपोर्टमध्ये सुरुवातीनंतर टाकलेल्या तिकिटापुढे चांदणी (*) येते, मधेच आलेली कामं त्यावरून चटकन मोजता येतात. पण कित्येक ठिकाणी प्लॅनिंग चालू असतानाच कोणीतरी 'स्टार्ट स्प्रिंट' दाबतं, आणि नंतर ओढलेल्या नेहमीच्या स्टोऱ्यांनाही चांदण्या लागतात. जुने सहा स्प्रिंट मोजण्याआधी प्रत्येक तिकीट कधी तयार झालं ती तारीख ताडून घ्या, नाहीतर १३ चे २५ दिसतील आणि पीओ पहिल्याच मीटिंगमध्ये आकडा खोडून काढेल.