शहर '१२ टक्क्यांनी वाढलं' म्हणजे नेमकं काय वाढलं?

आकडेवेडा
एका शहराच्या आर्थिक कामगिरीचा अहवाल तपासायचा आहे. ठळक दावे तीन: शहराचं उत्पन्न वर्षभरात १२ टक्क्यांनी वाढलं, कारखानदारीने १५ टक्क्यांची उसळी घेतली आणि कापड उद्योगात १,००० नवे रोजगार आले. आकडे कसे काढले याची अर्ध्या पानाची टीप आहे, तीही मोघम. यातलं किती धरून चालावं? कोणती आकडेमोड स्वतः करून बघावी?

तागडी
१२ टक्के चालू किमतींचे (महागाईसकट) की स्थिर किमतींचे (महागाई वगळून), हे आधी शोधा. चालू किमतींचे असतील आणि त्या वर्षात किमती ७ टक्क्यांनी चढल्या असतील, तर १२ वजा ७ करू नका. १.१२ ला १.०७ ने भागा, ४.७ टक्के येतात. दर लहान असताना वजाबाकीतली चूक खपून जाते, महागाई दोन आकडी झाली की नाही खपत. कारखानदारीसाठी भागताना ग्राहक महागाईचा निर्देशांकही नको. तो घरभाडं आणि भाजीपाला मोजतो. त्या त्या क्षेत्राचा उत्पादक किंमत निर्देशांक, म्हणजे उत्पादकाला मालाची मिळणारी किंमत मोजणारा, घ्या.

कारखानदारीचे १५ टक्के कुठून मोजलेत? उत्पादन १०० वरून ८० वर पडलं आणि मग ९२ वर आलं, तर वाढ १५ टक्के खरीच. पण कारखाने दोन वर्षांपूर्वीच्या मानाने अजून ८ टक्के मागेच आहेत. दोन वर्षांचा सरासरी वार्षिक दर काढलात तर उणे ४.१. एकाच वर्षाची तुलना देणारा अहवाल मी तरी बाजूला ठेवतो.

शिवाय ती वाढ उलाढालीची की मूल्यवर्धनाची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या मालाची किंमत वजा करून उरणाऱ्याची? गाड्या जुळवणारा कारखाना १०० ची उलाढाल दाखवतो, पण त्यातले ८२ बाहेरून आणलेल्या सुट्या भागांचे. शहरात घडलं ते १८ चं. पुढच्या वर्षी उलाढाल ११५ झाली आणि भाग महागून ९८ ला पडले, तर उरले १७. मथळ्यात १५ टक्के वाढ, प्रत्यक्षात घट.

पोटहिशेब
तागडी, बरोबर आहे, पण त्याच्याही आधी हा आकडा त्या शहराचा आहे का ते बघायला हवं. बऱ्याच ठिकाणी शहराचं उत्पन्न थेट मोजतच नाहीत. राज्याचा किंवा प्रांताचा क्षेत्रवार आकडा घेतात आणि कामगारसंख्येच्या प्रमाणात वाटून टाकतात. ते प्रमाण जुन्या गणनेतलं असेल तर शहरातला कापड उद्योग राज्यातल्या कापड उद्योगाइतकाच वाढलेला दिसणार, गिरण्या बंद पडल्या तरी. ओळखायची खूण सोपी: शेजारच्या दोन-तीन शहरांचे क्षेत्रवार दर शेजारी मांडा. दशांशापर्यंत जुळले तर ते वाटप आहे, मोजणी नव्हे.

मग नोंदणीचा पत्ता. चीनमधल्या तियानजिन शहराच्या बिनहाई भागाने २०१६ चं उत्पादन एक लाख कोटी युआन सांगितलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये तोच आकडा सुमारे ६६,५०० कोटींवर आणला गेला, कारण कागदोपत्री तिथे नोंदलेल्या पण धंदा दुसरीकडे करणाऱ्या कंपन्याही त्यात धरल्या होत्या. असा घोळ अख्ख्या देशाचाही होतो: आयर्लंडची २०१५ ची वाढ आधी २६ टक्क्यांवर जाहीर झाली, त्यात मोठा वाटा बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा तिथे हलवल्याचा होता. तुमच्या शहरात एखाद्या बड्या कंपनीचं मुख्यालय असेल तर ते वगळून दर पुन्हा काढा.

हद्दही बघा. कारखाने पालिकेच्या सीमेबाहेर सरकतात, कामगार आतच राहतात, म्हणून नुसती पालिकेची हद्द पुरत नाही. युरोपीय संघ आणि ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) यांच्या व्याख्येत, ज्या गावातले किमान १५ टक्के नोकरदार कामाला शहरात जातात ते गाव शहराच्या पट्ट्यात धरतात.

ताळेबंद
कापडाचे १,००० रोजगार फोडून बघा, मजा आहे. समजा आधी २०,००० होते, आता २१,०००, म्हणजे ५ टक्के वाढ. देशातला एकूण रोजगार ३ टक्क्यांनी आणि देशातला कापडाचा रोजगार ८ टक्क्यांनी वाढला असं धरू.

देशाच्या एकूण वाढीमुळे: २०,००० चे ३ टक्के = ६००
कापडाला बरे दिवस आले म्हणून: (८ − ३) ५ टक्के = १,०००
शहराचं स्वतःचं: (५ − ८) उणे ३ टक्के = −६००

बेरीज १,०००. रोजगार वाढले, पण देशभर कापड ज्या वेगाने वाढलं त्यात हे शहर मागे पडलं. या उणे ६०० चं कारण मात्र ही रीत सांगत नाही; मजुरी, वीज, जागा, जुने माग, ते शोधणं वेगळं काम. आणि क्षेत्रं फार ढोबळ घेऊ नका. सूतगिरणी आणि तयार कपडे एकाच खणात टाकले तर उत्तर बदलतं.

आकडेवेडा
ताळेबंद, हे उद्याच करतो. उपग्रहावरून दिसणाऱ्या रात्रीच्या उजेडावरून पडताळणी होते म्हणतात. शहराला चालेल?

पोटहिशेब
जपून. जुन्या डीएमएसपी या अमेरिकी हवामान उपग्रहांचं उजेडाचं मोजमाप ० ते ६३ इतकंच, शहराचा मध्यभाग ६३ ला टेकला की पुढची वाढ दिसतच नाही. २०१२ पासूनची व्हीआयआयआरएस या नव्या उपग्रही उपकरणाची मालिका बरी. पण त्या उपकरणाला निळा प्रकाश नीट दिसत नाही, त्यामुळे सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी लावले की भरभराटीचं शहरही अंधारलेलं दिसतं. त्यापेक्षा औद्योगिक जोडण्यांची वीज महिनावार मागा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा, आणि कारखान्यांनी छपरावर सौर पटल बसवले असतील तर तेवढी वीज मिळवून घ्या. नाहीतर वाढ असूनही घट दिसेल.