भाऊबीजेचा सिनेमा : 'ओम शांती ओम' तुम्ही कुठे, कुणाबरोबर पाहिलात?

२००७ साली लक्ष्मीपूजन ९ नोव्हेंबरला, शुक्रवारी आलं आणि त्याच दिवशी दोन मोठे हिंदी सिनेमे लागले, 'सावरिया' आणि 'ओम शांती ओम'. आमच्या घरात आठवडाभर आधीच दोन तट पडले होते. धाकट्या मावसबहिणीला रणबीर कपूर बघायचा होता, बाकी सगळ्यांना शाहरुख. भाऊबीज रविवारी होती. ओवाळणं झालं, जेवणं उरकली आणि आम्ही चौदाजण तीनच्या शोला निघालो. आईच्या पिशवीत चकल्या आणि शंकरपाळे होते. दारावरच्या माणसानं पिशवी चाचपली. आई म्हणाली, "दिवाळी आहे रे बाबा," आणि दोन चकल्या त्याच्या हातावर ठेवल्या. त्यानं एक तिथंच खाल्ली, दुसरी खिशात ठेवली आणि आम्हाला आत सोडलं.

मला त्या दिवसाचं सगळ्यात जास्त आठवतं ते 'दीवानगी' गाणं. तीसेक तारे-तारका एकामागून एक येतात आणि आत्या, काका, आम्ही पोरं, सगळे मोठमोठ्यानं नावं घेतोय. रेखा आली तेव्हा आत्याचा आवाज सगळ्यात वर. आत्या एरवी चार माणसांत तोंड उघडत नसे. आता ती नाही. ते गाणं कुठं लागलं की मला तिचा तो आवाज ऐकू येतो. दिवाळीचा सिनेमा घरच्यांबरोबर, भरलेल्या थिएटरातच बघावा, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. तुमचीही आठवण सांगा.

*

त्याच गाण्याचं लातूरचं सांगतो. पडद्यावर रितेश देशमुख आला आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांचे दांडे बडवणं. विलासराव तेव्हा मुख्यमंत्री होते, पण त्या क्षणी ते कुणाच्या डोक्यात नव्हतं. आपल्या गावचा पोरगा शाहरुखबरोबर नाचतोय, बास! मी बाल्कनीचं तिकीट ब्लॅकमध्ये दुपटीनं घेतलं होतं. त्या पाच सेकंदांत ते वसूल झालं.

*

आजीला घेऊन ठाण्याला पाहिला होता. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून मी कानाशी लागून गोष्ट सांगत होते. मध्यंतरानंतर खून झालेल्या नायिकेसारखी, हुबेहूब शांतीसारखी दिसणारी दुसरी मुलगी सापडते आणि तिला उभं करून खुन्याकडून गुन्हा वदवून घ्यायचं ठरतं, तसा आजीनं माझा हात दाबला. "अगं, हा तर 'मधुमती'! आता खरी येणार बघ." आणि खरंच तसंच झालं. झुंबर खाली आलं तेव्हा सगळं थिएटर दचकलं, आजी तेवढी शांत होती. तिनं 'मधुमती' १९५८ साली पाहिला होता, लग्नाच्या आधी, मैत्रिणींबरोबर, घरी न सांगता. हे न सांगता गेल्याचं आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. परतताना रिक्षात ती वैजयंतीमालाबद्दलच बोलत होती.

*

मला श्रेयस तळपदेसाठी हा सिनेमा आवडतो. 'इक्बाल'मधला तो मुलगा दोनच वर्षांत एवढ्या मोठ्या सिनेमात नायकाचा जिवलग मित्र पप्पू झाला आणि शाहरुखसमोर कुठंही कमी पडला नाही. म्हातारा पप्पू पुन्हा भेटतो तिथं मी रडलो होतो.

*

थोडं वेगळं लिहिते. माझे वडील मनोजकुमारचे निस्सीम चाहते. प्रीमियरच्या प्रसंगात त्याचा पास वापरून ओम (शाहरुख) आणि पप्पू त्याच्यासारखा चेहऱ्यावर हात धरून आत शिरतात आणि खऱ्या मनोजकुमारला दारात लाठ्या बसतात. सगळे हसत होते, वडील गप्प झाले. पुढे मनोजकुमारनं स्वतः नाराजी व्यक्त केली आणि शाहरुख व फराह खाननं माफी मागितली. वडिलांना ती बातमी वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, "मागितली ना, मग झालं." तरी तो प्रसंग नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. बाकी सिनेमात जुन्या काळाची जी थट्टा आहे तिच्यात माया आहे. सुभाष घईंच्या सेटवर गर्दीत बसलेला ओम ऋषी कपूरच्या जॅकेटसाठी झटापट करतो, ते बघताना हेच वडील पोट धरून हसले होते.

*

माझे बाबा गोरेगावला फिल्मसिटीत लाइटमन होते. सेटच्या वर, लाकडी फळ्यांवर बसून दिवे धरायचे. उन्हाळ्यात तिथं भट्टी असते. त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग शेवटपर्यंत होता. या सिनेमाला ते कामाला नव्हते. सुट्टी होती म्हणून मीच त्यांना ओढून नेलं.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. मीही उठलो. बाबांनी माझा शर्ट धरून खाली बसवलं. पडद्यावर लाल गालिचा होता आणि त्यावरून सिनेमाची माणसं चालत येत होती. नट झाले, तंत्रज्ञ झाले, मग स्पॉटबॉय आणि लाइटमनसुद्धा, नटून थटून, हात हलवत. पायऱ्यांवर पोचलेले लोक तिथंच थांबून वळून बघायला लागले. बाबा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले होते. एकाला त्यांनी ओळखलं. "हा माझ्याबरोबर होता," एवढंच बोलले, आणि थोड्या वेळानं, "टेन-के एकटा उचलायचा." टेन-के म्हणजे दहा हजार वॉटचा अवजड दिवा.

घरी आईनं फराळाचं ताट पुढं ठेवलं आणि विचारलं, काय गोष्ट होती? बाबांनी गोष्ट सांगितलीच नाही. कोणामागून कोण चालत आलं, तेवढंच सांगत बसले, चहा गार होईपर्यंत.