'केस जुळला' की 'केसांत साम्य आढळलं'?

अनुस्वार: एका लेखाचा अनुवाद तपासतेय. गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या केसाबद्दल अनुवादकाने 'तो संशयिताच्या केसाशी जुळला' असं लिहिलंय. तपासणी फक्त सूक्ष्मदर्शकाखालची आहे. 'जुळला' चालेल?

वेलांटी: माझ्या मते नाही. ठसे जुळले म्हटलं की माणूस सापडला, असं वाचक धरून चालतो. सूक्ष्मदर्शकाखाली रंग, रंगकणांची मांडणी, जाडी, मधला गाभा असं काय काय दिसतं. त्यावरून केस माणसाचा की जनावराचा हे बऱ्यापैकी कळतं, कारण माणसाच्या केसात गाभा सहसा एकूण जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असतो आणि जनावरांत बहुधा निम्म्याहून जास्त. पण कोणत्या माणसाचा? ते नाही सांगता येत. एकाच डोक्यावरचे दोन केससुद्धा एकसारखे नसतात! 'साम्य आढळलं' लिहा. किंवा 'हा केस त्या व्यक्तीचा नाही असं म्हणता येत नाही'. वाक्य अवघडलेलं आहे, पण ते गुळगुळीत करायला गेलात की अर्थ बदलतो.

रफार: एका क्रियापदावरून एवढा काथ्याकूट?

वेलांटी: करावा लागतो. एफबीआयच्या तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी पुन्हा तपासल्या गेल्या. २०१५मध्ये जाहीर झालेले आकडे असे: आरोपीविरुद्ध केसाचा पुरावा वापरलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये सदोष विधानं. साम्याला ओळखीचं वजन दिलं गेलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, फक्त शब्दशः.

रफार: बरं, हरलो. डीएनए काढला असेल तर?

वेलांटी: तेव्हा 'जुळला' म्हणायला हरकत नाही, पण कोणता डीएनए ते बघून. मुळाशी पेशी चिकटून आलेल्या असतील तर पेशीकेंद्रातला मिळतो. नुसत्या केसातून सहसा तंतुकणिकेतला (पेशीत केंद्राबाहेर असलेल्या मायटोकाँड्रियातला), आणि तो आईकडून येतो. म्हणजे सख्ख्या भावंडांचाही सारखाच. तिथे पुन्हा 'साम्य'.

अनुस्वार: म्हणजे 'गळलेला' आणि 'उपटलेला' यांतही गल्लत नको. अनुवादात दोन्हीकडे 'पडलेला केस' आहे.

वेलांटी: अजिबात नको. आपसूक गळलेल्या केसाचं मूळ वाळकं, गोलसर असतं. वाढत असलेला केस उपटला तर मूळ ताणलेलं दिसतं, त्याला ऊतीही चिकटलेल्या असू शकतात. झटापट झाली का, याचा अंदाज तिथून येतो. 'पडलेला'मध्ये हे सगळंच हरवतं. 'तुटलेला' म्हणजे आणखी वेगळं, त्याला मूळच नाही.

रफार: सामान्यरूपाकडेही लक्ष असू द्या. डोक्यावरचा तो केस, 'केसाचा'. कोर्टातली ती केस, 'केसचा'. एक काना गेला की विषय बदलतो.

अनुस्वार: आत्ताच शोधलं. पान चारवर 'तपासनीस केसच्या मुळाशी पोचले' असं आहे. आता इथे काना द्यायचा की नाही, ते अनुवादकालाच विचारते.